साहेबांचा हुकूम

"अहो, काळा चष्मा राहिला!" बायकोने वरून हाक मारली.

ड्रायव्हर अर्धा जिना उतरला होता. तो परत वर गेला, चष्मा चढवला, काठी घेतली आणि पुन्हा उतरला, या वेळी सावकाश.

"आज जपून," ती मागून म्हणाली. "मुलगा आलाय ना त्यांचा."

त्याच धास्तीने ड्रायव्हर आज चष्मा विसरला होता. साहेबांचा मुलगा वडिलांना न्यायला आला होता. या वयात बाबांनी एकटं राहू नये, असं त्याचं म्हणणं. एक दिवस त्यांच्याबरोबर हिंडून बघायचं. सगळं नीट जमतंय असं दिसलं तर ठीक, नाहीतर बॅगा भरायच्या. दूरच्या शहरात बाराव्या मजल्यावर एक खोली तयार होती. उभा जन्म रणगाड्यात काढलेला माणूस तिथे महिनाभरही टिकायचा नाही, हे ड्रायव्हरला ठाऊक होतं.

साहेब बूट चकचकीत करून तळमजल्यावर आपल्या दारात उभेच होते. नेहमीसारखा त्यांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. ड्रायव्हर पुढे, साहेब मागे. रणगाड्यातही असंच असे. ड्रायव्हर पुढच्या पोटात, साहेब वर बुरुजात. झाकण बंद झालं की ड्रायव्हरला बोटभर फटीतून दिसेल तेवढंच जग. बाकी साहेबांचा हुकूम.

ड्रायव्हरचा खांदा वळला. "उजवीकडे," साहेब म्हणाले.

काठी दोनदा वाजली. "दोन पायऱ्या. सांभाळून," साहेबांनी बजावलं.

मुलगा मागून बघत येत होता. कोपऱ्यावरच्या शिंप्याने कात्री खाली ठेवली. "धन्य आहे तुमच्या वडिलांची! तीन वर्षं झाली, या आंधळ्याला रोज फिरवून आणतात. पोटचा पोरगाही करणार नाही एवढं."

मुलाने मान खाली घातली. ड्रायव्हरने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

छावणीच्या फाटकाशी चौथऱ्यावर त्यांचा रणगाडा उभा होता. पन्नास टनांचं धूड, पट्ट्यांमधून गवत उगवलेलं. रोजची फेरी इथे संपायची.

"बाबा," मुलाने अचानक विचारलं, "काही वेगळं वाटतंय का याच्यात?"

साहेबांनी ड्रायव्हरचा खांदा किंचित दाबला.

ड्रायव्हरने नाक वर केलं. "रंगाचा वास येतोय, साहेब. हिरवा काढून मातकट पिवळा देणार म्हणत होते. दिला का हो?"

"दिलाय," साहेब म्हणाले. "हिरवाच बरा होता. रया गेली पार."

"अगदी माझ्या मनातलं बोललात," मुलगा हसला.

ड्रायव्हरने चिलखती पत्र्यावर तळहात टेकला. एकदा ऐन चकमकीत बुरुजात धूर कोंडला होता. साहेबांना वर काही म्हणता काही दिसेना, तरी हुकूम चालूच. ड्रायव्हर प्रत्येक हुकमाला "होय साहेब" म्हणाला आणि फटीतून वाट दिसेल तसा रणगाडा बाहेर काढला. शाबासकी साहेबांना मिळाली. ही गोष्ट त्याने बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. साहेबांवर त्याचा जीव होता, एवढंच.

दुपारी मुलाने टॅक्सी बोलावली. एकट्याचीच बॅग घेऊन तो बाहेर आला.

"काका, न्यायलाच आलो होतो यांना," तो ड्रायव्हरला म्हणाला. "पण यांना नेलं तर तुमचं कसं व्हायचं? राहू देत इथेच. तब्येत तर माझ्याहून ठणठणीत आहे."

"तुझे उपकार झाले, बाबा," ड्रायव्हर म्हणाला.

टॅक्सी निघाली. समोरून दोन ट्रक आणि एक बस गेली, त्या गलक्यात तिचा आवाज कुठल्या कुठे विरला. साहेब घराच्या फाटकाशी ताठ उभे राहून हात हलवत होते. रस्ता रिकामा झाला, तरी हलवत होते.

ड्रायव्हरने आजूबाजूला पाहिलं. मग काळा चष्मा काढून खिशात ठेवला.

"हात खाली घ्या, साहेब," तो हळूच म्हणाला. "टॅक्सी केव्हाच वळली."