बाटलीवरची चिठ्ठी

मास्तरांनी बजावलं होतं, जागा सोडून पुढे येऊ नकोस. म्हणून गोलकीपर मुद्दाम पुढे आला. धावत आलेल्या खेळाडूच्या पायातून त्याने चेंडू उचलला आणि देशाच्या संघाने नऊ पराभवांनंतर पहिला सामना जिंकला.

मग ते जिंकतच सुटले. मास्तर सांगायचे, चेंडू लांब मार. हा हटकून जवळच्या बचावपटूला द्यायचा आणि तिथूनच गोल व्हायचा. वर्तमानपत्रांनी मात्र नव्या प्रशिक्षकाला, म्हणजे मास्तरांनाच, डोक्यावर घेतलं. तो फोटो पाहिला की गोलकीपरच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

कारण घरी दादा होता. विसाव्या वर्षी, याच मास्तरांच्या क्लबात, तो सुजलेल्या गुडघ्यावर सामना खेळला आणि तो गुडघा पुन्हा कधी वाकला नाही. आता तो खिडकीशी बसून, पाय स्टुलावर ठेवून लोकांची घड्याळं दुरुस्त करायचा. मास्तरांनी माझ्या पोराला जबरदस्तीने खेळवलं, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. विषय निघाला की दादा भिंग डोळ्याला लावून घड्याळात डोकं खुपसायचा. दुःख मोठं आहे, बोलवत नाही, असं धाकट्याने धरून चाललं होतं.

सूड घ्यायचाच होता. पण हरणाऱ्या संघाचा प्रशिक्षक आणखी एकदा हरला तर कोण विचारतो? आधी त्याला वर चढू द्यायचं, असं धाकट्याने ठरवलं होतं.

आज मास्तर पुरते वर चढले होते. हा सामना जिंकला तर देश पहिल्यांदाच विश्वचषकात जाणार होता; बरोबरी झाली तरी बाहेर. नाही जमलं तर पुन्हा मैदानावर पाय ठेवणार नाही, असं मास्तर पत्रकारांसमोर बोलून बसले होते.

सामन्याआधी त्यांनी गोलकीपरच्या पाण्याच्या बाटलीवर स्वतःच्या हाताने चिठ्ठी चिकटवली. समोरच्या संघातला कोण पेनल्टी कुठे मारतो, ते तिच्यावर लिहिलं होतं.

"डोळे झाकून विश्वास ठेव," मास्तर म्हणाले.

"ठेवतो की," तो म्हणाला.

शेवटच्या मिनिटाला आपला संघ एका गोलने पुढे होता, आणि समोरच्यांना पेनल्टी मिळाली. दहा नंबरवाल्याने चेंडू ठेवला. गोलकीपरने बाटली उचलून घोट घेतला. चिठ्ठीवर स्वच्छ लिहिलं होतं : दहा नंबर, तुझ्या डावीकडे.

आपल्या कप्तानाकडे बघून त्याला क्षणभर वाईट वाटलं. बिचाऱ्याची ही शेवटची संधी होती. मग त्याला खिडकीतला स्टूल आठवला.

शिट्टी वाजली. कुणाला संशय यायला नको, म्हणून त्याने अंगातला सगळा जोर लावून झेप घेतली. उजवीकडे.

चेंडू थाडकन त्याच्या पंजांवर आदळला आणि खांबाबाहेर गेला.

सगळा संघ त्याच्या अंगावर कोसळला. तो गवतावर तसाच पडून राहिला. आपल्या हातांकडे बघत. गर्दी हटली तेव्हा मास्तर शेजारी उकिडवे बसले होते. बाटलीवरची चिठ्ठी सोलून त्यांनी खिशात टाकली.

"तुझ्या दादाला त्या दिवशी मी खेळू नकोस म्हणून सांगितलं होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "तेव्हापासून तुमच्या घरच्यांना मी उलटंच सांगतो."