धुऱ्यावरचा खेळ

प्रफुल सरांना पाहिलं आणि खेळ थांबला.

धान कापून झालं होतं. रिकाम्या बांधीतल्या, धानाच्या त्या खाचरातल्या, अरुंद धुऱ्यांवरून, मातीच्या बांधांवरून, पोरी एकमेकींमागे धावत होत्या. पाय धुऱ्याखाली पडला की बाद. सगळ्यांत पुढे होती बुधरी, पाचवीतली. शाळेच्या खो-खो संघात तिच्याइतकं चपळ कोणी नव्हतं. आठवडाभर ती सरावाला फिरकली नव्हती आणि सोमवारी कुरखेड्याला तालुक्याचे सामने होते.

"काऊन थांबल्या?" सरांनी विचारलं.

"तुमी आले नं."

सर धुऱ्यावर टेकले. मैदानावर ओरडून ओरडून घसा बसला होता. पोरांना शिकवायचं म्हणजे ओरडायचं. त्यांना ज्यांनी शिकवलं त्यांनीही तेच केलं होतं.

"सरावाले काऊन येत नाई, बुधरी? तुझ्याबिगर संघ कसा न्याचा?"

ती अंगठ्यानं माती उकरत राहिली. मग म्हणाली, "तुमी हासू नाई देत."

"खेळताना हासलं तं ध्यान जाते."

"इथी तं हासूनच पळतो आमी."

सरांना राग यायला हवा होता. शब्दही तयार होते, रोजचेच. पण त्या शब्दांचाच त्यांना आता कंटाळा आला होता.

"खेळा," ते म्हणाले. "मी काई बोलत नाई."

कोणी हललं नाही. एवढ्या लवकर कोण विश्वास ठेवणार? शेवटी एकीनं दुसरीला हळूच ढकललं, ती किंचाळली आणि पळापळ सुरू झाली.

बुधरी खिदळत धावत होती. वळणावर तिनं अंग असं काही झोकलं, की मागची पोर सरळ बांधीत गेली. चुन्याच्या रेषांवर ती अशी कधीच पळाली नव्हती. 'डावीकडे बघ' सरांच्या ओठांवर आलं. त्यांनी ते गिळलं. एवढी साधी गोष्ट, पण जड गेली.

ऊन उतरलं. कोणाचंच त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. बुधरी जवळून गेली तेव्हा त्यांनी विचारलं, "उद्या येशीन नं सरावाले?"

ती थांबली नाही. पळता पळताच म्हणाली, "तुमीच येजा इथी, सर. पण असेच बसून राहान तं."