रुंद चाळणी

अरुंद फिल्टर शालनताईंपुढे सरकवत हौशी रेडिओ क्लबचे सेक्रेटरी बेडकिहाळ म्हणाले, “उद्याच्या मोर्स स्पर्धेला सेटमध्ये हाच बसवा. तुमच्या रुंद चाळणीतून आजूबाजूच्या फ्रिक्वेन्सींचा नुसता कचरा आत येतो. विजेतेपदाची ढाल जाईल आपली.”

“गेली तर जाऊ दे.” साठ क्रिस्टलांची फ्रिक्वेन्सी मोजून, त्यातले जुळणारे सहा निवडून केलेला आपला रुंद फिल्टरच शालनताईंनी बसवला. “माझा पहिला सेट घरी जोडलेला होता. तापला की फ्रिक्वेन्सी सरकायची आणि मी तुमच्या अरुंद फिल्टरबाहेर पडायचे. सहा महिने रोज हाक मारत होते, बेडकिहाळ. क्लबातल्या एकानंही ओ दिली नाही.”

स्पर्धेच्या दिवशी बेडकिहाळ त्यांच्या खुर्चीमागे घड्याळ बघत उभे होते. भराभर बोलणाऱ्या स्टेशनांच्या गोंगाटात मोर्सची एक अडखळती कड-कट्ट आली, सरकत, बुडत.

“सोडा हो ते! तेवढ्यात दहा स्टेशनं गाठून होतील, दहांचे गुण मिळतील.”

शालनताईंनी हात वर करून त्यांना गप्प केलं. त्या सरकत्या आवाजामागे त्या डायल फिरवत राहिल्या. तिसऱ्या खेपेला त्या स्टेशनच्या नावाची अख्खी खूण हाती लागली आणि त्यांनी ओ दिली. पलीकडून ठिपके-रेघा धावतच आल्या.

निरोप उतरवलेला कागद त्यांनी मागे न बघता बेडकिहाळांच्या हातात दिला. ‘वर्षभर हाक मारतेय. ओ देणारं पहिलं स्टेशन तुमचं.’

“वाचा,” शालनताई म्हणाल्या. “आणि सांगा, यातला कचरा कुठला?”