डे ट्रेडिंगचा पहिला तास

“सकाळी शेअर घ्यायचे, बाजार बंद व्हायच्या आत विकायचे, यालाच डे ट्रेडिंग म्हणतात,” नव्या विद्यार्थ्यांना मास्तर सांगत होते, तेवढ्यात दार धाडकन उघडून त्यांचा धाकटा भाऊ आत घुसला. दादाचं ऐकून त्याने याच खेळात गॅरेज घालवलं होतं. लोखंडी पान्याने त्याने स्क्रीन फोडली, दुसरा घाव मास्तरांच्या खांद्यावर घातला. “दादा, यांना सांग, तू स्वतः कधी कमावलंस यात?” हाड मोडलं होतं, तरी मास्तर बोलले, “नाही. सगळं बुडालं, म्हणून क्लास काढला.” पण ऐकायला कुणाला सवड होती? विद्यार्थी भावावर तुटून पडले. पाना हिसकावून त्याला लाथांनी तुडवू लागले. रक्तबंबाळ भावावर मास्तरांनी अंग टाकलं. “त्याचं बरोबर आहे, सोडा त्याला!” पहिल्या बाकावरचा शिंपी ओरडला, “मास्तर, बाजूला व्हा, आपला तास राहिलाय!”