घरटी एक माणूस

जनू गुडघाभर चिखलात उतरला आणि तिथेच अडकला.

धरमतरच्या खाडीच्या बांधाला खांड पडली होती. भरतीचं पाणी शेतात शिरायच्या आत ती बुजवायची होती. अशा वेळी घरटी एक माणूस आलंच पाहिजे, नाहीतर त्या घराला गावात मान नाही. जनूचा गुडघा कामातून गेलेला आणि घरात मुलगा नाही. सगळ्यांनी नको म्हटलं, पण जनू कसला ऐकतो! घराचा मान जाऊ द्यायचा नव्हता, म्हणून स्वतःच उतरला.

"लेक पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळेत, नि बाप चिखलात!" गावचा पुढारी गुणाजी सगळ्यांदेखत म्हणाला. "करतेस तरी काय गो सरू तू तिथं?"

जनूची मान खाली गेली. त्यालाही ते कुणाला धड सांगता येत नसे.

सुट्टीला आलेली सरू बायकांबरोबर गूळ वाटत होती. तिने एक खडा गुणाजीपुढे धरला. "काका, आज भात का नाय रांधला कुणी?"

"येडी का काय! खांड पडल्यावर भात रांधत बसायचा? गूळ तोंडात टाकायचा नि कामाला लागायचं."

"रक्तातल्या राखणदार पेशीपण तेच करतात. एरवी साखर सावकाश, पुरती जाळतात. जंतू शिरला की बकाबका घेतात, अर्धवट जाळतात, उरलेलं टाकून देतात. नासाडी होते, पण ताकद लगेच मिळते, नि एकीच्या शंभर व्हायला मालही मिळतो. हे सुरू कसं होतं नि थांबतं कसं, ते मी शोधते."

"नि थांबलंच नाय तर?"

"तर जंतू नसतानापण लढत राहतात. आपलेच सांधे खातात."

गुणाजीने बायकोकडे पाहिलं. गूळ वाटणाऱ्या कृष्णाबाईची बोटं सुजून वाकडी झाली होती. पेणच्या डॉक्टरांनी त्याला अगदी हेच सांगितलं होतं.

"हिच्यासाठी औषध काढतेस तू?" त्याचा आवाज एकदम खाली आला.

"औषध लांब हाय, काका. आधी बिघडतं कुठं ते बघतेय."

जनूची छाती अभिमानाने भरून आली. त्याने त्याच जोरात चिखलाचं घमेलं उचललं. गुणाजी खाली उतरला, घमेलं त्याच्या हातातून काढून घेतलं आणि साऱ्या बांधाला ऐकू जाईल असं म्हणाला, "जनू, तू वर जाऊन बस. तुझ्या घरचं माणूस कवाचं कामावर हाय."