विरोधातला हात

मोरव्याच्या पंचायतीत विरोधात हात वर व्हायचा तो एकट्या लवूचा, मिठागरात राबून चिरा पडलेला. आणीबाणी लागली तशी सरपंच महिपतने त्याचं नाव पोलिसांच्या कानावर घातलं. लवू गेला तो गेलाच.

महिपतला रान मोकळं मिळालं. फक्त "विरोधात कोण?" विचारताना त्याची मान आपोआप खाली जायची.

त्या दुपारी लवूच्याच घराची जागा ताब्यात घ्यायचा ठराव होता.

"विरोधात कोण?"

महिपतने मान वर केली. सगळे पंच त्याच्याकडेच टक लावून बघत होते.

"सरपंच, हात खाली घ्या ना," शेजारच्या सुलूबाई पुटपुटल्या. "केवढा चिरलाय मिठानं!"

महिपतचे दोन्ही हात टेबलाखाली, मांडीवर होते.