एक कोटी एकोणीस

तिसऱ्या दिवशीही सोमलिंग मास्तरांनी भाकरी परत सरकवली. बेंबळीच्या शाळेवर तिरंगा लावला म्हणून निजामाच्या तुरुंगात त्यांना एकट्याला कोंडलं होतं. अडीच महिने माणसाशी बोलणं नव्हतं. आता जगून करायचं काय, एवढाच विचार उरला होता.

पहाऱ्यावरचे म्हातारे लाडलेसाब दाराशी टेकले. त्यांनी गजांतून कोळशाचा तुकडा आत टाकला.

“मास्तर, एक कोटी एकोणीस. ह्याचे सारखे वाटे पडतात का? एकबी उरायला न्हाय पाहिजे. मला जवाब लई गरजेचा हाय.”

“कशाला?”

“ते मागनं सांगतो. पण भाकर खाल्ली तरच दुसरा कोळसा मिळंल.”

मास्तरांनी पाठ फिरवली. पण आकडा डोक्यात शिरला तो शिरलाच. विषम, म्हणजे दोनाचा भाग जात नाही. अंकांची बेरीज अकरा, म्हणजे तिनाचाही नाही. शेवटी ते उठले. भिंतीवर सातानं भागलं, एक उरला. तेरानं भागलं, तीन उरले. दुपारी त्यांनी भाकरी खाल्ली.

मग तो नेमच झाला. वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे तीन हजार एकशे बासष्टपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की निकाल लागणार होता. त्या संख्या आधी हुडकायच्या, मग एकेकीनं भागायचं. भिंत भरली की लाडलेसाब ओलं फडकं द्यायचे. दर वेळी काहीतरी उरायचंच. एकदा बाकी शून्य आली, म्हणजे कोडं संपलंच. पुन्हा मांडून पाहिलं. हातचा चुकला होता. कितीतरी दिवसांनी ते मोठ्यानं हसले.

भादव्यात हिंदुस्थानची फौज आली आणि तुरुंग उघडला. शेवटचा भागाकार तीनच दिवसांपूर्वी झाला होता. लाडलेसाब तेव्हापासून कामावर आले नव्हते. मास्तर गावाकडं न जाता आधी त्यांचं घर शोधत गेले.

दार बोटभर उघडलं. आतून बाईमाणसाचा कापरा आवाज आला. “त्येंनी कुणावर हात उगारला न्हाय, बाबा.”

“ठाऊक आहे, भाबी. मी जवाब द्यायला आलोय.”

लाडलेसाब घोंगडीवर बसले होते. मास्तर त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले.

“कुणाचाच भाग जात नाही, लाडलेसाब. मूळ संख्या आहे ती. ह्या आकड्यानं मला जगवलं. आता तरी सांगा, तुम्हाला जवाब कशाला हवा होता?”

म्हातारा ओशाळला.

“मला शंभराच्या पुढं मोजता येत न्हाय, मास्तर. कोटी लई मोठा असतो, एवढं ऐकून होतो. एकोणीस असंच जोडलं. म्हटलं, सुटंपर्यंत पुरंल तुम्हाला.”